यूट्यूब अडकलं तर दोष कुणाचा? नेट न्यूट्रॅलिटीचा नियम आणि आपल्या गल्लीतलं फायबर

लातूर घ्या, नांदेड घ्या, नाहीतर परभणी. रात्री आठ ते अकरा या वेळेत नेट हळू झालं की लोकांचे दोन तर्क ठरलेले असतात. "कंपनी मुद्दाम स्लो करते" हा एक आणि "आपल्याकडं लाइनच खराब आहे" हा दुसरा. पहिला खरा असेल तर तो कायद्याचा प्रश्न, दुसरा खरा असेल तर वायरीचा. दोन्हींच्या खुणा वेगळ्या, तक्रारीची ठिकाणंही वेगळी. नेट न्यूट्रॅलिटीचा सगळा वाद पहिल्या तर्काभोवती फिरतो, म्हणून आधी नियम काय आहे ते पाहू आणि मग वायरीकडं जाऊ.

नियम थोडक्यात असा. तुम्ही ज्या कंपनीकडून नेट घेता तिनं तुमच्याकडं येणारा डेटा कुठल्या साइटचा, कुठल्या ॲपचा हे पाहून वागणूक बदलायची नाही. कायद्यानं चालणारी साइट अडवायची नाही, हळू करायची नाही, पैसे घेऊन कुणाला पुढं काढायचं नाही, आणि एका ॲपचा डेटा स्वस्त, दुसऱ्याचा महाग असंही करायचं नाही. घरातलं विजेचं मीटर युनिट मोजतं. ते पंख्यानं खाल्लं की मिक्सरनं, हे विचारत नाही, तसं. (शेतीपंपाचा दर वेगळा असतो, पण ते कनेक्शनच वेगळं. उपमा तिथं संपली.)

या नियमात काय बसत नाही तेही आत्ताच सांगून टाकतो, कारण अर्ध्या तक्रारी तिथंच निकाली निघतात. १०० एमबीपीएसचा प्लॅन ४० च्या प्लॅनपेक्षा महाग असणं चालतं. रात्री बारा ते सकाळी सहा डेटा फुकट देणं चालतं, कारण त्या वेळेत काय बघायचं ते तुम्हीच ठरवता. रोजचा दीड जीबी संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येणं, किंवा फायबरच्या प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असणं, हेही चालतं, फक्त ते प्लॅनमध्ये लिहिलेलं हवं. रिचार्जसोबत एखाद्या ओटीटीची वर्गणी मिळणंही चालतं, जोपर्यंत ते बघताना जाणारा डेटा तुमच्याच कोट्यातून जातो. मर्यादा सगळ्यांना सारखी लागू असेल तर ती भेदभाव ठरत नाही.

भारतात हा वाद पेटला तो दरावरून. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलनं इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळा दर जाहीर केला: थ्रीजीवर १० केबीला ४ पैसे, टूजीवर १० पैसे. ४ पैशांच्या हिशोबानं एक एमबी साधारण चार रुपयांना पडला असता. ओरड झाली आणि काही दिवसांतच तो निर्णय मागं घेतला गेला. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक म्हणजे ट्रायनं ॲपवाल्या सेवांचं नियमन करावं का, यावर लोकांची मतं मागवली. कागद ११८ पानांचा आणि प्रश्न २०. एरवी अशा कागदाला वकील आणि कंपन्याच उत्तरं देतात. यावेळी दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. त्याच एप्रिलमध्ये 'एअरटेल झिरो' आलं. त्यात ॲपवाल्यानं डेटाचे पैसे भरायचे आणि ग्राहकाला ते ॲप फुकट. फ्लिपकार्ट त्यात सामील होणार होतं, टीका झाली तशी बाहेर पडलं.

मग फेसबुकचं 'फ्री बेसिक्स'. रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकाला फेसबुक आणि निवडक साइट फुकट, बाकी इंटरनेट विकत. त्याच्या प्रचारात २०१५ च्या शेवटी फेसबुकच्या प्रमुखांनी स्वतः लेख लिहिला आणि त्यात उदाहरण कुणाचं दिलं, तर महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं: त्याला पावसाचा अंदाज आणि शेतमालाचे भाव फुकट पाहता येतात. उदाहरण बिनतोड वाटतं. पण सोयाबीन विकणाऱ्याला विचारा. त्याला लातूर बाजार समितीचा आजचा भाव हवा असतो, शेजारच्या मिलचा खरेदी दर हवा असतो, आणि ते सांगणारा एखादा स्थानिक व्हॉट्सॲप ग्रुप किंवा छोटं मराठी पोर्टल हवं असतं. फुकटच्या यादीत कुठली साइट बसेल हे ठरवण्याची चावी एका कंपनीकडं गेली की गल्लीतलं पोर्टल पैसे लागणाऱ्या बाजूला पडतं, आणि गरिबाचा फोन त्या बाजूला सहसा जात नाही. आमच्या मते फ्री बेसिक्सला विरोध करण्याचं सगळ्यात भक्कम कारण हेच होतं. बाकीची घोषणाबाजी दुय्यम.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं नियम काढला: मजकूर पाहून डेटाचा दर बदलायचा नाही. मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. आणीबाणीच्या सेवांना सूट. फ्री बेसिक्स भारतातून गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ट्रायनं शिफारस केली की ग्रामीण ग्राहकाला महिन्याला १०० एमबी फुकट द्या, पण कुठल्याही साइटसाठी. दोन्हींतला फरक इथं स्पष्ट दिसतो. तोवर सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं होतं आणि डेटाचे भाव एवढे कोसळले, की "गरिबाला निदान थोडं तरी फुकट मिळू द्या" या युक्तिवादातली हवाच गेली.

दरानंतर पाळी वेगाची. नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायच्या शिफारशी आल्या आणि जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागानं त्या मान्य केल्या आणि नंतर परवान्याच्या अटींत घातल्या. म्हणजे साइट पाहून अडवणं, हळू करणं किंवा पुढं काढणं हा आता परवान्याचा भंग आहे, आणि ही अट मोठ्या मोबाइल कंपनीला जशी लागू तशीच जिल्ह्यापुरत्या परवान्यावर चालणाऱ्या छोट्या आयएसपीलाही (आयएसपी म्हणजे नेट पुरवणारी कंपनी). अपवाद मोजके: न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश, जाळ्याची सुरक्षितता, आणीबाणी, गर्दी आवरण्यासाठीचे वाजवी आणि तात्पुरते उपाय, आणि 'विशेष सेवा'. दूरस्थ शस्त्रक्रियेसारखं जे साध्या नेटवर भरवशानं चालणार नाही ते या शेवटच्या खणात बसतं.

यातला दराचा नियम नीट चालतो. कारण साधं आहे: दर छापावा लागतो. 'फक्त व्हॉट्सॲप'चा पॅक रिचार्जच्या दुकानात फलकावर लावला की तो कुणालाही दिसतो, ट्रायलाही. २०१६ नंतर असे पॅक दिसेनासे झाले. वेगाचा नियम मात्र बराचसा कागदावर आहे, कारण हळू केलेला डेटा आणि गर्दीत अडकलेला डेटा ग्राहकाच्या पडद्यावर अगदी सारखेच दिसतात: गोल फिरणारं चाक. कुणी मुद्दाम करतंय की नाही हे पाहायला सतत मोजणी लागते. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रायनं त्यासाठी अनेक घटकांची मिळून एक संस्था सुचवली. ग्राहकानं तिचं दार वाजवावं अशा रूपात ती अजून आपल्यापर्यंत पोचलेली नाही.

आता वायरीकडं.

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावात फायबर येतं ते बहुतेक वेळा जुन्या केबलवाल्याकडून. तो स्वतः आयएसपी नसतो. परवाना वरच्या कंपनीच्या नावावर, खांबावरची तार आणि वसुली त्याच्याकडं, आणि पैसे दोघांत वाटून. त्याच्या खोलीत ओएलटी नावाचं यंत्र असतं. त्याच्या एका पोर्टमधून निघणारं एक फायबर स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरांत फोडतात. जीपॉन पद्धतीत त्या एका पोर्टला खाली येणारा वेग मिळतो २.५ जीबीपीएस. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तरी प्रत्येकाला जवळपास ७८ एमबीपीएस येतील. ६४ असतील तर ३९. एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस पुरतात. तेव्हा गल्लीतलं फायबर सहसा कमी पडत नाही.

कमी पडतं ते त्या खोलीच्या मागं. समजा एका आयएसपीचे तालुक्यात ४००० ग्राहक आहेत. रात्री नऊला दर ग्राहकामागं सरासरी अडीच एमबीपीएस धरले तर १० जीबीपीएस लागतात. मुंबई, पुणे किंवा हैदराबादेहून येणारी त्याची मुख्य लाइन ६ जीबीपीएसची असेल, तर नऊ वाजता रांग लागणारच. रांग भरली की राउटर पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, टाकून देतो, व्हिडिओ अडकतो, आणि कुणीही काहीही 'मुद्दाम' केलेलं नसतं. पैसे १०० एमबीपीएसच्या प्लॅनचे घेऊन मागची लाइन न वाढवणं हा लबाडीचा प्रकार आहेच, पण तो सेवेच्या दर्जाचा प्रश्न झाला. नेट न्यूट्रॅलिटीचं कलम त्याला लागत नाही.

त्यातच एक गंमत आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. गूगल आणि नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या पुरेशी मागणी असलेल्या आयएसपीच्या जागेत स्वतःची 'कॅश' यंत्रं, म्हणजे व्हिडिओ साठवून ठेवणारी यंत्रं, ठेवतात. लोकप्रिय व्हिडिओ तिथूनच निघतो, मुंबईच्या लाइनवर भार पडत नाही. म्हणूनच रात्री यूट्यूब सुरळीत चालतं आणि 'नीट' परीक्षेच्या तयारीचं छोट्या क्लासचं ॲप मात्र लटकतं. ग्राहकाला वाटतं क्लासचं ॲप हळू केलंय. प्रत्यक्षात एकाचा माल गावात साठवलेला आहे आणि दुसऱ्याचा रोज मुंबईहून येतोय. २०१७ च्या शिफारशींनी अशा साठवण-जाळ्यांना, म्हणजे सीडीएनना, नियमाच्या बाहेर ठेवलं. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं, कारण त्यानं दुसऱ्या कुणाचा डेटा मागं पडत नाही. पण ज्याच्याकडं पैसा आहे तो जवळ येऊन बसतो आणि ज्याच्याकडं नाही तो लांबच राहतो, ही विषमता नियमाच्या नजरेतून सुटलेली आहे हेही मान्य करायला हवं.

मग मुद्दाम चाललंय की रांग आहे, हे कसं ओळखायचं? पहिली कसोटी फुकटची: सगळंच हळू असेल तर भेदभावाची शंका सोडा. आधी घरातला डबा, म्हणजे फायबर जिथं येऊन जोडली जाते ते मोडेम, पाहा. एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर फायबर तुटलंय किंवा निसटलंय. रस्त्याच्या कामावरचा जेसीबी हे त्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण. लाल दिवा नसूनही कुरबुर असेल तर डब्याच्या सेटिंग पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे फायबरमधून डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचा जोर, पाहा. हा आकडा उणे असतो. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक, उणे २७ च्या पलीकडं गेला की लाइन पडायला लागते. दाराच्या फटीत दाबलेली किंवा काटकोनात वळवलेली फायबर, जोडणीवर बसलेली धूळ, एवढ्यानंही तो आकडा ढासळतो. वीज गेल्यावर नेट जात असेल आणि तुमचा डबा इन्व्हर्टरवर असेल, तर बहुधा केबलवाल्याच्या ओएलटीची बॅटरी मेली आहे.

हे सगळं ठीक निघालं, की मोजणी. वायफाय बाजूला ठेवा. लॅपटॉपला लॅनची वायर लावा. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर शेजारच्या दहा घरांचा गोंगाट असतो, त्यावर घेतलेली कुठलीही टेस्ट पुरावा म्हणून कामाची नाही. स्पीड टेस्टच्या साइटवर आपोआप निवडला जाणारा सर्व्हर बहुधा तुमच्याच आयएसपीचा किंवा त्याच्या शेजारचा असतो. तिथं १०० एमबीपीएस दिसणं म्हणजे गल्लीतलं फायबर चांगलं आहे, एवढंच. सर्व्हर बदलून मुंबईतल्या दुसऱ्या कंपनीचा निवडा. पिंग, म्हणजे डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ, १५ ते ३० मिलिसेकंद असेल तर वाट सरळ आहे. तोच १५० च्या वर गेला तर एक तर रांग भरली आहे किंवा डेटा परदेश फिरून येतोय. मग फास्ट डॉट कॉम उघडा. ही टेस्ट नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून होते. दोन्ही टेस्ट रात्री नऊला आणि सकाळी सहाला घ्या, निदान आठवडाभर, आणि प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट ठेवा. सकाळी सगळं छान आणि रात्री सगळं मंद, तर ती रांग. चोवीस तास एकच सेवा मंद आणि बाकी सगळ्या वेगात, तर तिथं शंकेला जागा आहे.

ती शंका पुढं न्यायला वेहे नावाचं ॲप उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी ते बनवलं. ते एखाद्या सेवेचा रेकॉर्ड केलेला डेटा एकदा जसाच्या तसा आणि एकदा ओळख पुसून पाठवतं आणि दोन्हींचा वेग ताडून पाहतं. सर्व्हर तोच, वाट तीच, बदल फक्त ओळखीचा; म्हणून फरक आलाच तर तो डेटा कुणाचा हे पाहूनच आलेला असतो. "व्हीपीएन लावल्यावर वेग वाढला, म्हणजे कंपनी चोर" हा लोकप्रिय पुरावा मात्र कच्चा आहे, कारण व्हीपीएन डेटा झाकून दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेतं, त्यामुळं वाटही बदलते आणि कदाचित गर्दीची वाट चुकवली गेली एवढंच झालेलं असतं. कुणी म्हणेल, एचटीटीपीएस, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद असताना कंपनीला साइट कळते कशी? पान आणि त्यावरचा मजकूर दिसत नाही, पण जोडणी सुरू होताना साइटचं नाव बहुधा उघडंच जातं. अडवायला किंवा हळू करायला तेवढं पुरतं.

नेट पूर्ण बंद होणं हा याहून वेगळाच विषय, तरी दोन्हींची सरमिसळ होते. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात २०२३ आणि २०२४ मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत नेट बंद झालं, ते प्रशासनाच्या आदेशानं. तिथं कंपनीला पर्याय नसतो. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की असे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि बंदी बेमुदत असू शकत नाही. एखादी साइट सरकारनं बंद करवली तर तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ चा भाग. दोन्हीकडं नेट न्यूट्रॅलिटीचं कलम दाखवून उपयोग नाही.

सध्याचा खरा झगडा वेगळ्या नावानं चाललाय: 'फेअर शेअर'. मोबाइल कंपन्यांची संघटना सीओएआय म्हणते, की जाळ्यावरचा बराचसा भार चार-दोन मोठ्या ॲपकंपन्यांचा, टॉवर आणि फायबरचा खर्च आमचा, तेव्हा त्यांनी वाटा द्यावा. जुलै २०२३ मध्ये ट्रायच्या आणखी एका सल्लामसलतीत हा मुद्दा पुन्हा चर्चेला आला. ऐकायला न्याय्य वाटतं. पण यूट्यूब आपणहून कुणाच्या घरात डेटा ओतत नाही. ग्राहक मागतो तेव्हाच तो येतो, आणि त्या मागण्याचे पैसे रिचार्जमध्ये आधीच भरलेले असतात. दक्षिण कोरियानं २०१६ पासून डेटा पाठवणाऱ्याच्या बाजूनं पैसे घेण्याची पद्धत आणली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्विच ही व्हिडिओ सेवा जाळ्याच्या खर्चाचं कारण देऊन तिथून निघून गेली. गूगल असा वाटा सोसू शकेल. ज्याचे दर्शक वाढतायत त्या मराठी व्हिडिओ ॲपवर ही वसुली आली, तर जितकं यश तितकं बिल. कंपन्यांची खर्चाची अडचण खोटी नाही, विशेषतः वाडी-तांड्यावरच्या टॉवरबाबतीत, पण तिचा उपाय सरकारी निधीतून किंवा सरळ दर वाढवून होऊ शकतो. मजकूर पाहून वसुली सुरू झाली की २०१६ चा नियम मागच्या दारानं गेला.

अमेरिकेचं उदाहरण लोक दोन्ही बाजूंनी देतात, म्हणून एका दमात: २०१५ मध्ये नियम आला, २०१७ मध्ये रद्द झाला, एप्रिल २०२४ मध्ये परत आला, २ जानेवारी २०२५ ला अपिलाच्या न्यायालयानं उडवला. तिथला वाद नियामकाला अधिकार आहे का यावर अडकला. आपल्याकडं नियम परवान्याच्या अटीतच असल्यानं ती अडचण नाही.

फाइव्हजीत मात्र कस लागणार. एकाच टॉवरच्या जाळ्याचे वेगवेगळे कप्पे करून एकात वेग आणि भरवसा जास्त ठेवता येतो; याला स्लायसिंग म्हणतात. रुग्णवाहिकेसाठी कप्पा ठेवला तर कुणाची हरकत नसेल. तोच गेमिंगच्या ॲपला विकला, तर ती 'विशेष सेवा' की पैसे घेऊन पुढं काढणं? शेतात उभं राहून ई-पीक पाहणीचा फोटो चढवणाऱ्याच्या वाट्याला उरलेला कप्पा येणार असेल, तर या प्रश्नाचं उत्तर मुंबई-दिल्लीपेक्षा इथं जास्त महाग पडेल. हाताशी एकच टॉवर असल्यावर कंपनी बदलण्याची सोयही नसते.

तक्रार करायची झाली तर केबलवाल्याशी भांडून सुरुवात करू नका. परवाना त्याचा नाही. बिलावर किंवा पावतीवर आयएसपीचं नाव असतं, त्यांच्या तक्रार केंद्राकडून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. पावतीच मिळत नसेल तर आधी ती मागा, तिच्याशिवाय पुढं काही सरकत नाही. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडं ३० दिवसांत अपील. ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही. तिथं अर्ज पाठवून वाट बघण्यात महिने जातात. विशिष्ट साइट अडवल्याची तक्रार असेल तर दूरसंचार विभागाकडं, केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवरून, आणि त्यात 'परवान्यातील नेट न्यूट्रॅलिटीच्या अटीचा भंग' असं स्पष्ट लिहा, सोबत वेहेचे निकाल जोडा. पैसे १०० एमबीपीएसचे आणि रोज रात्री १२ मिळतात, अशी तक्रार असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार कंपनीविरुद्ध तिथं जाता येतं हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. कंपनीचं कार्यालय कुठंही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा दाखल होतो, आणि सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. सोबत लागेल ते असं: प्लॅनचं पान, पावत्या, डॉकेट नंबर, आणि लॅनच्या वायरवर घेतलेल्या, तारीख-वेळ दिसणाऱ्या आठवडाभराच्या टेस्ट. वायफायवरचे स्क्रीनशॉट दिले तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला ते बाजूला सारेल.